नेमून दिलेली बेशिस्त

शेजारच्या शाळेला तपासणीत ‘क’ दर्जा मिळाला, कारण तिथली मुलं फार चांगली वागली.

ही बातमी मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, स्वतः प्रयोगशाळेत येऊन सांगून गेले. सांगून गेले म्हणणं तितकंसं बरोबर नाही, कारण ते गेलेच नाहीत. स्टुलावर बसून राहिले. विज्ञानाच्या बाई बेसिनपाशी परीक्षानळ्या धूत होत्या.

“शंभर टक्के हजेरी, बाई. एक पोर घरी नाही. वर्गात घड्याळाची टिकटिक ऐकू येईल अशी शांतता. आणि साहेबांनी शेरा काय मारला? ‘मुले भेदरलेली वाटली. हजेरी अविश्वसनीय.’ झालं! दर्जा क.”

“मग आपण काहीच करू नये,” बाई नळी उजेडाकडे धरत म्हणाल्या. “मुलं जशी आहेत तशीच दाखवावीत.”

“जशी आहेत तशी?” मोठ्या सरांनी घाम पुसला. “आठवीचा वर्ग तुम्ही रोज बघता आणि वर हे म्हणता?”

बाईंनी पुढची नळी धुवायला घेतली. आठवीच्या वर्गात मागच्या आठवड्यात फळा उलटा टांगलेला सापडला होता, आणि तो कसा उलटा झाला हे अजून कुणालाही सांगता आलेलं नव्हतं.

“‘क’ आला की आठवी बंद,” मोठे सर हळू आवाजात म्हणाले. “आणि आठवी गेली की विज्ञानाची जागा अतिरिक्त. म्हणजे तुम्ही, बाई. तुमची बदली थेट डोंगरापलीकडच्या शाळेत. तिथे प्रयोगशाळा नाही. बेसिनसुद्धा नाही.”

बाईंच्या हातातली नळी निसटता निसटता राहिली. ही प्रयोगशाळा त्यांनी एकेक बाटली जमवून उभी केली होती. गळणारा नळ त्यांनीच बांधला होता, कपाटाचं कुलूपही त्यांच्याच हाताला उघडायचं. शिवाय घरी नवरा होता आणि सासूबाई होत्या, आणि डोंगरापलीकडे जाणारी बस आठवड्यातून एखाद्या वेळी लहर आली तर सुटायची.

“मला एवढंच सांगा,” मोठे सर म्हणाले, “भेदरलेली नकोत आणि मोकाटही नकोत, तर नेमकी कशी हवीत? तुम्ही शास्त्र शिकलेल्या. नैसर्गिक म्हणजे किती?”

विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं बाईंना कधी जमलं नव्हतं. तो त्यांचा एकमेव दुर्गुण. त्यांनी नळी स्टँडवर ठेवली आणि विचार केला.

“एवढ्या मोठ्या वर्गात थोडी मुलं आजारी असणारच. कुणीतरी खिडकीबाहेर बघत असतं. कुणीतरी शेजाऱ्याला ढोसतं. एखाद्याला मधेच बाहेर जायचं असतं. एखादं उलट उत्तर येतं. एवढं झालं तर वर्ग नैसर्गिक म्हणायला हरकत नाही.”

मोठ्या सरांचा चेहरा उजळला. “उत्तम! मग नेमून टाका.”

“काय नेमून टाकू?”

“मुलं. कोण आजारी, कोण खिडकी, कोण ढोसणार. जबाबदारी तुमची.”

आणि इतका वेळ न उठणारे मोठे सर एकदम उठून गेले.

*

आधी गैरहजर मुलं नेमायची होती. ते सोपं जाईल असं बाईंना वाटलं. वर्गात त्यांनी विचारलं, “तपासणीच्या दिवशी घरी कोण राहील?” वर्गातले सगळे हात वर गेले. काहींनी दोन्ही वर केले.

चिठ्ठ्या टाकून मोजकी मुलं निवडली, तर दुसऱ्या दिवशी पालक हजर.

“माझ्या मुलाला का डावललं?” एक आई विचारत होती. “त्याला खरा खोकला आहे. खोक रे.” मुलगा खोकला. “बघा. आणि ज्याला निवडलंत त्याला साधी शिंकसुद्धा येत नाही.”

ज्याला निवडलं होतं त्याचे वडीलही आले होते. ते वेगळ्याच कारणाने तापले होते. “आमच्या घरात कुणी आजारी पडत नाही. उद्या लोक म्हणतील, यांच्या पोराला काहीतरी आहे. शिवाय त्याच्या आजीला कळलंय की तो त्या दिवशी आजारी पडणार. तिने आत्तापासून त्याला कडू औषध पाजायला सुरुवात केलीय. पोराला खरंच मळमळायला लागलंय.”

बाईंनी दोघांनाही पाणी दिलं आणि घरी पाठवलं. त्यांचा खरा भरवसा एकाच मुलावर होता. त्याला अख्खी शाळा भोवरा म्हणायची. शिक्षकही तेच म्हणायचे. भोवरा सकाळी शाळेच्या फाटकातून आत यायचा, स्वतःभोवती एक वळसा घ्यायचा आणि त्याच फाटकातून बाहेर पडायचा. त्याचा मागच्या बाकावरचा कोपरा इतका कमी वापरला गेला होता की त्याच्यावरचा रंग अजून नवा होता. जो मुळातच येत नाही त्याने एक दिवस न येणं, यात अडचण ती काय?

बाईंनी त्याला फाटकापाशी, नेमका वळसा घेताना पकडलं.

“तपासणीच्या दिवशी तू येऊ नकोस बरं का.”

भोवरा थांबला. “का?”

“तुला गैरहजर नेमलंय.”

“नेमलंय?” भोवऱ्याचं तोंड वाकडं झालं. “नेमून कसं राहणार, बाई? मी माझा राहतो.”

“मग तसाच राहा. तुझा तू.”

“आता कसा राहू? तुम्ही सांगितल्यावर राहिलो, तर ते तुमचं ऐकल्यासारखं होईल.”

बाईंनी यातली चूक शोधून पाहिली. सापडली नाही. तर्क बिनचूक होता आणि बिनचूक तर्कापुढे बाई नेहमी हरत.

“तू असाही जातोस कुठे रे रोज?” त्यांनी विचारलं.

“भिंत पडतेय,” भोवरा म्हणाला. “मागच्या गल्लीतल्या जुन्या गोदामाची. दोरखंड लावून ओढतायत. आज पडेल, उद्या पडेल म्हणतात. मी नसताना पडली तर?” आणि तो गेला.

*

बेशिस्तीचं वाटप त्याहून अवघड निघालं. जी मुलं वर्षभर न सांगता ढोसाढोसी करत होती, त्यांना “आता ढोस” म्हटल्यावर ती लाजू लागली. एकाने शेजाऱ्याला आधी विचारलं, “चालेल ना?” खिडकी ज्याच्याकडे होती तो पोरगा बाहेर बघताना ताठ बसायचा आणि मधूनमधून बाईंकडे वळून विचारायचा, “बाई, अजून बघू की पुरे?”

उलट उत्तर मोठ्या सरांनी स्वतः नेमलं, आणि दिलं कुणाला, तर मॉनिटरला. ही मुलगी शाळेत दाखल झाल्यापासून एक दिवस चुकली नव्हती. तिच्या वेण्यासुद्धा रांगेत चालायच्या.

“तिला का?” बाई हादरल्या.

“तिचा आवाज खणखणीत आहे. उलट उत्तर साहेबांपर्यंत पोचलं पाहिजे. पुटपुटलेलं काय कामाचं?”

मॉनिटर आधी रडली. मग तिने विचारलं की हे गृहपाठात धरणार का. धरणार म्हटल्यावर तिने डोळे पुसले आणि घरी जाऊन मनापासून सराव केला. दोन दिवसांनी तिची आई प्रयोगशाळेच्या दारात उभी.

“बाई, काल हिला जेवायला हाक मारली, तर म्हणते कशी, ‘तुम्हीच जेवा.’ माझ्या हातातला डावच गळून पडला. आणि लगेच विचारते, ‘आई, बरोबर होतं का? की अजून जोरात?’ काय शिकवता काय तुम्ही?”

“विज्ञान,” बाई खाली बघत म्हणाल्या.

एवढ्यात पीटीचे सर मदतीला धावून आले. मदत करायची नसली की त्यांना ताप यायचा. या वेळी दुर्दैवाने त्यांना बरं होतं. त्यांनी आठवीला मैदानात उभं केलं आणि शिटी तोंडात धरली.

“बेशिस्त, सावधान! एक, खिडकी बघ! दोन, शेजाऱ्याला ढोस! तीन, जांभई!”

सगळ्या वर्गाने एका क्षणी डावीकडे मान वळवली. एका क्षणी सगळी कोपरं बाहेर आली. मग एकच लांबलचक जांभई मैदानभर पसरली. कट्ट्यावर बसलेल्या शिपाईमामांनीही ती दिली.

“बघा!” पीटीचे सर अभिमानाने म्हणाले. “एक पोर मागे-पुढे नाही.”

त्या दिवशी घरी बाईंचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. नवऱ्याने विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. सासूबाई ताटावरून मान वर न करता ऐकत होत्या.

“वात्रटपणा शिकवावा लागतो होय गं आता?” त्या शेवटी म्हणाल्या. “आमच्या वेळी तो आपोआप यायचा. तुझा हा नवरा बघ. याला मी काय क्लास लावला होता?”

“आई, मी जेवतोय,” नवरा म्हणाला.

“तेच म्हणतेय मी. जेवताना पाय हलवतोस ते कुणी शिकवलं?”

बाईंच्या हातातला घास थांबला. टेबलाखाली नवऱ्याचा पाय खरंच हलत होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे ही गोष्ट शिटीवर व्हायला नको होती. दुसऱ्या कशाच्या तरी ओघात व्हायला हवी होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रत्येक मुलाची बेशिस्त त्यांच्या धड्याला जोडून दिली. पेल्यात पाणी ओतलं की खिडकी. पेल्यावर पुठ्ठा ठेवला की ढोसणं. पेला उलटा केला की मॉनिटरचं उलट उत्तर. म्हणजे सगळं वेगवेगळ्या वेळी होईल आणि सहज वाटेल. सरावाला त्यांनी रिकामा पेला घेतला. पाणी तपासणीच्याच दिवशी वापरायचं ठरलं, कारण फरशी पुसायला शिपाईमामा तयार नव्हते.

ही चूक कुणाच्याही लक्षात आली नाही.

*

तपासणीच्या दिवशी बाई वर्गात शिरल्या आणि दारातच थबकल्या. वर्ग गच्च भरला होता. आजारी नेमलेली सगळी मुलं हजर होती.

“तू घरी का नाहीस?” त्यांनी कडू औषधवाल्या मुलाला दबक्या आवाजात विचारलं.

“बाई, इथे सगळी मज्जा होणार आणि मी घरी औषध पीत बसू?”

शेवटची आशा भोवरा. बाईंनी मागच्या बाकाकडे पाहिलं. कोपरा रिकामा होता. त्यांनी सुस्कारा सोडला, आणि त्याच वेळी मोठे सर साहेबांना घेऊन दारात आले.

तपासणीचे साहेब उंच, वाकलेले आणि फार दमलेले गृहस्थ होते. गावोगाव फिरून त्यांनी इतके गप्प वर्ग पाहिले होते की त्यांचे डोळे वर्गात शिरताच आपोआप मिटू लागायचे. त्यांनी मान हलवून सगळ्यांना बसायला सांगितलं, मागे गेले आणि मागच्या बाकाच्या कोपऱ्यात बसले.

दोन मिनिटांत दार पुन्हा उघडलं. भोवरा आत आला. पहिल्यांदाच वळसा न घेता तो सरळ आपल्या जागेपर्यंत गेला आणि साहेबांपुढे उभा राहिला.

“सरका. माझी जागा आहे.”

दारातल्या मोठ्या सरांनी भिंतीचा आधार घेतला. साहेबांचे मिटत आलेले डोळे उघडले. बऱ्याच वर्षांत त्यांना कुणी सरकायला सांगितलं नव्हतं. ते सरकले.

बाईंनी पेला टेबलावर ठेवला आणि त्यात पाणी ओतलं. आता खिडकी. त्यांनी खिडकीवाल्या मुलाकडे पाहिलं. तो पेल्याकडे बघत होता. सगळाच वर्ग पेल्याकडे बघत होता. रिकामा पेला पाहून पाहून कंटाळलेल्या मुलांना आज त्यात पाणी दिसलं होतं, आणि आता हे बाईंच्या साडीवर सांडणार हे प्रत्येकाला कळून चुकलं होतं.

बाईंनी पुठ्ठा ठेवला. कुणी कुणाला ढोसलं नाही. पुठ्ठ्यावर हात धरून त्यांनी पेला उलटा केला, आणि हात काढून घेतला.

पाणी पडलं नाही.

वर्गातून एक पुसटसा “हा!” निघाला आणि मग जी शांतता पसरली तिच्यात घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. शंभर टक्के हजेरी आणि टिकटिक. बाईंना डोंगर दिसला, डोंगरापलीकडची शाळा दिसली. उलटा पेला धरून त्या मॉनिटरकडे बघत राहिल्या. उलट उत्तराची वेळ टळत होती. मॉनिटर तोंड उघडं टाकून पेल्याकडे बघत होती. बाई तिच्याकडे डोळे मोठे करून बघू लागल्या. कुणीतरी काहीतरी वाईट करा रे!

तेव्हा मागून कुजबुज ऐकू आली.

“पडेल,” साहेब म्हणत होते.

“नाही पडणार,” भोवरा म्हणाला. “ती भिंत मात्र पडणार.”

“कुठली भिंत?”

“मागच्या गल्लीत. दोरखंड लावलाय. रोज ओढतात. इकडून खिडकीतून नुसतं टोक दिसतं, मजा सगळी बुडाशी आहे.”

साहेबांनी मान लांब करून खिडकीबाहेर पाहिलं. मग नीट दिसेना म्हणून अर्धवट उठले. भोवऱ्याने त्यांना दिशा दाखवण्यासाठी कोपराने ढोसलं. साहेबांनीही त्याला ढोसून विचारलं, “ती दोरी का?”

खिडकीवाला मुलगा या आवाजाने भानावर आला. त्याने मागे पाहिलं आणि तो ताडकन उभा राहिला.

“बाई! हे माझं काम करतायत!”

आणि मग मॉनिटर उठली. तिला जे गृहपाठात मिळालं होतं ते तिने केलं, की मॉनिटर म्हणून जे ती रोज करायची ते केलं, हे नंतर कुणालाच नक्की सांगता आलं नाही. आवाज मात्र खणखणीत होता.

“मागच्या बाकावरचे दोघे! बोलणं बंद! बाहेर काय बघता? इकडे लक्ष द्यायला काय पैसे पडतात?”

साहेब ताठ उभे राहिले. त्यांचे हात आपोआप बाजूला गेले. “चुकलं,” ते म्हणाले.

“बसा.”

साहेब बसले.

बाईंच्या हातून पेला तिरका झाला आणि सगळं पाणी साडीवर आलं.

*

मोठ्या सरांच्या खोलीत बाई ओल्या साडीनिशी उभ्या राहिल्या. साहेब शेरा लिहीत होते. मोठे सर उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न करत होते आणि त्यांचा श्वास एकेक शब्दागणिक मोकळा होत होता.

“हजेरी पूर्ण,” साहेबांनी लिहिलं होतं. “वर्तन नैसर्गिक. मागच्या बाकावर थोडी कुजबुज होती. तिला वर्गानेच आळा घातला. दर्जा अ.”

“साहेब, सही,” मोठे सर मऊ आवाजात म्हणाले.

पण साहेबांचं लक्ष खिडकीकडे होतं. “ते गोदाम मागच्या गल्लीत म्हणजे, डावीकडून जायचं का हो?” त्यांनी पेन खिशात टाकलं. “सही उद्या सकाळी येऊन करतो. जरा काम आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले नाहीत. मधली सुट्टी झाली तरी आले नाहीत. मग मोठ्या सरांच्या टेबलावरचा फोन वाजला. मोठे सर ऐकत गेले आणि पांढरे पडत गेले. फोन ठेवून त्यांनी बाईंना बोलावलं.

“त्यांच्या ऑफिसचा फोन होता. साहेब कालपासून ऑफिसात गेले नाहीत. घरून सकाळी ‘शाळेत जातो’ म्हणून निघाले आहेत. डबा घेऊन!” त्यांनी कपाळाला हात लावला. “हजेरी तपासणारा माणूस आपल्या शाळेतून बेपत्ता झाला, बाई! आणि कागद बिनसहीचा. बिनसहीचा म्हणजे काहीच नाही. आठवी नाही, विज्ञान नाही.”

“भोवरा आलाय का आज?” बाईंनी विचारलं.

“तो कधी येतो?”

बाईंनी कागद घेतला आणि त्या मागच्या गल्लीकडे निघाल्या.

मुकादमाने भिंतीपासून चांगल्या लांब अंतरावर दोरी बांधून लोकांना अडवलं होतं. दोरीला टेकून बरीच मंडळी उभी होती. अर्ध्या गालाला साबण लावलेले एक गृहस्थ होते आणि त्यांच्या शेजारी वस्तरा हातात धरलेला न्हावी. साबण केव्हाच वाळला होता. सकाळपासून ज्यांना ताप होता ते पीटीचे सर होते. आणि सगळ्यांत पुढे, दोन उलट्या घमेल्यांवर, डबा उघडून साहेब आणि भोवरा बसले होते.

“साहेब, सही,” बाई म्हणाल्या.

“करतो की,” साहेब भिंतीवरून नजर न काढता म्हणाले. “भिंत पडली की लगेच करतो. सही करायला खाली बघावं लागतं. नेमकी तेव्हाच पडली तर?”

“काल पोट फुगलंय तिचं,” भोवऱ्याने माहिती दिली. “तिथे, मधोमध. बसा बाई.”

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. दोरखंड वरच्या कडेला बांधला होता, कललेला भाग अजून पायाच्या आत होता. “ही एवढ्यात पडत नाही,” त्या म्हणाल्या. “भार अजून पायावरच आहे. तो बाहेर गेल्याशिवाय कशी पडेल?”

एवढ्यात कामगारांनी जोर लावला. भिंत हलली. वरून मातीचा एक लोट सुटला. जमलेल्या सगळ्यांनी श्वास रोखला. भिंत पुन्हा स्थिर झाली.

“आता मात्र थोडा बाहेर गेला,” बाई म्हणाल्या आणि भोवऱ्याच्या घमेल्याच्या कडेवर टेकल्या. फक्त पुढच्या ओढीपर्यंत. मग त्यापुढच्या. साहेबांनी डबा त्यांच्यापुढे केला. त्यांनी एक घास घेतला. कागद त्यांच्या मांडीवर होता आणि त्यांना त्याचा विसर पडला होता.

“बाई!”

मागे मॉनिटर उभी होती.

“तास सुरू झालाय. आठवी वाट बघतेय. फळा परत उलटा झालाय.” तिने बाईंवरून नजर फिरवली. “सर, तुम्हाला ताप होता ना?” पीटीच्या सरांनी गळ्याला हात लावून पाहिला. मग ती साहेबांकडे वळली. “आणि तुम्ही. डबा मधल्या सुट्टीत खायचा असतो.”

“एवढी एक ओढ,” साहेब काकुळतीला येऊन म्हणाले.

“आधी सही.”

साहेबांच्या हाताने त्यांना न विचारताच डब्याचं झाकण लावलं आणि पेन काढलं. पीटीच्या सरांच्या पाठीवर कागद ठेवून, अर्धा डोळा भिंतीवर ठेवून त्यांनी सही केली. ती तिरकी आली, पण आली. बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि पर्स घट्ट धरली.

“आता रांगेत,” मॉनिटर म्हणाली. “मागे बघायचं नाही. बोलायचं नाही.”

भोवरा, बाई, पीटीचे सर आणि शेवटी साहेब, अशी रांग शाळेकडे निघाली. सवयीप्रमाणे मॉनिटर रांगेच्या पुढे, पण रांगेकडे तोंड करून, उलटी चालत होती, म्हणजे कुणी गडबड केली तर दिसावी.

गल्लीच्या वळणाला पोचायच्या आत मागून आवाज आला. आधी एक करकर, मग खोल घरघर, आणि मग पायाखालची जमीन हलवणारा धडाका. सगळ्यांच्या मानेवर धूळ येऊन बसली. रांगेतल्या चौघांनी डोळे गच्च मिटून घेतले. मॉनिटर थांबली होती. तिचे डोळे ताटलीएवढे झाले होते आणि एक वेणी सुटून खांद्यावर आली होती.

“कशी पडली?” साहेबांचा आवाज रडवेला झाला होता. “सबंध पडली की मधून?”

मॉनिटरने हळूहळू तोंड मिटलं.

“रांगेत बोलायचं नाही,” ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी ‘अ’ दर्जाचा कागद काचेत लावला. आठवी राहिली. बाई प्रयोगशाळेचा नळ पुन्हा एकदा आवळून वर्गावर गेल्या आणि हजेरी घेऊ लागल्या. भोवरा हजर होता.

“आलास?”

“भिंत पडली, बाई. आता बाहेर काय राहिलंय?”

बाई पुढे गेल्या. एकेक नाव, एकेक “हजर”. मग मॉनिटरचं नाव आलं आणि उत्तर आलं नाही. बाईंनी पुन्हा हाक मारली. पहिल्या बाकावरची जागा रिकामी होती. वर्गात चुळबूळ झाली. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

“आजारी असेल,” कुणीतरी म्हणालं.

खिडकीवाला मुलगा बाहेर बघत होता. आज त्याला कुणी नेमलं नव्हतं. “बाई,” तो म्हणाला, “गोदामाची दुसरी भिंत आहे अजून. तिला दोरखंड लावलाय.”

भोवरा उठला. “मी बोलावून आणू तिला?”

“नको, तू नको,” बाई घाईघाईने म्हणाल्या आणि त्यांनी पर्स उचलली. “मीच जाते.”